सोवळे आणि श्रद्धा

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो ईश्वराच्या स्वरूपाचा नव्हे, तर चूल कोणाची आणि पाणी कोणाच्या हातचे, हा होता. आणि श्रद्धेची परीक्षा, माझ्या मते, अशा क्षुल्लक भासणाऱ्या व्यवहारांतच होते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. एकाच घरात जणू दुहेरी अंमल चालू होता. पुढे, जाती देवाने केल्या की माणसाने, या विचाराशी झुंजता झुंजता, त्या मनुष्यकृतच असा निर्वाळा मनाने दिला, तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. आणि तोही 1900 मधील स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या आधी, हे विशेष! ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही हकीकत त्यांनी उपदेशाचा आव न आणता, बहुधा स्वतःचीच थट्टा करीत सांगितली आहे.

टिळकांची वाट निराळी. ख्रिस्तभक्तीला अभंग-कीर्तनाचा देशी पेहराव देणाऱ्या या कवीने 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या भक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ स्थापिला. 1919 मध्ये ते निवर्तले, ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले. ते पुढे नेले ते विवाहानंतर अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी.