‘स्वयंचलित’ आणि ‘कालनियंत्रित’

भिवंडी हे यंत्रमागांचे नगर. तेथे मागाला काय नि घरच्या पाण्याच्या पंपाला काय, विजेचाच आधार. अंगणातील पंपास टायमरची जोड दिली की तो ‘स्वयंचलित’ झाला, असे आपण सहज म्हणतो. हा शब्दप्रयोग सदोष आहे. टायमर केवळ काल मोजतो. जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे किंवा नाही, हे त्यास कळत नाही. टाकी रिकामी असली तरी नेमल्या वेळी पंप सुरू होतो, कोरडा फिरतो व त्याचे सील जळते. म्हणून अशा योजनेस ‘कालनियंत्रित’ म्हणणे उचित. पाण्याची पातळी जाणणारा फ्लोट स्विच जोडल्यानंतरच ती ‘स्वयंचलित’ या नावास पात्र ठरते.

कालमापनासही मर्यादा आहेत. विजेवर फिरणाऱ्या तबकडीचा टायमर, वीज २ तास गेल्यास २ तास मागे पडतो. बॅटरीची जोड असलेला अंकीय टायमर वेळ राखतो. शिवाय मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. तेव्हा टायमरने काँटॅक्टर चालवावा आणि काँटॅक्टरने मोटर. पावसाळ्यासाठी पेटी जलरोधक हवी, हे उघडच आहे.

परिभाषा शिथिल राहिली की यंत्राकडून भलतीच अपेक्षा केली जाते, आणि तिची किंमत गृहस्थास मोजावी लागते.