रेवदंड्याची वाळू, कुलाब्याचा फ्रिज

वीकएण्डला बीचवर जाताना सनस्क्रीन, गॉगल, पॉवर बँक सगळं आठवणीने घेता ना? या वेळी फ्रिजच्या दारावरचं एक मॅग्नेटही खिशात टाका. फुकटात क्वांटम फिजिक्स बघायला मिळेल!

मांडव्याला उतरायचं, अलिबाग-नागाव-चौल करत रेवदंड्याला पोचायचं, सातखणी मनोऱ्यापाशी पडलेल्या पोर्तुगीज तोफांसोबत फोटो काढायचे आणि मग सुरमई थाळी हाणायची. रेवदंड्याचा हा प्लॅन सगळ्यांना पाठ आहे. मी त्यात एका गोष्टीची भर घातली. किल्ल्याच्या तटाबाहेर समुद्राकडे जी काळपट वाळू आहे, तिच्यातून फ्रिजचं मॅग्नेट पाच मिनिटं फिरवलं. वर उचललं तर मॅग्नेटला चक्क दाढी फुटलेली! बारीक, काळ्या, चमकदार कणांची. शेजारी वाळूत किल्ला करणारी दोन पोरं धावत आली. त्यातल्या धाकट्याने विचारलं, ‘‘हेच का चिकटतं? बाकीची वाळू का नाही?’’

मी उत्तर दिलं, ‘‘कारण यात लोह आहे.’’ मॅग्नेटाइट हे त्या खनिजाचं नाव. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट झिजतो, ओढे-नद्या ते कण समुद्रात आणून टाकतात आणि लाटा ते किनाऱ्यावर पसरवतात. पोराचं समाधान झालं. पण खरं सांगायचं तर ‘लोह आहे म्हणून’ हे उत्तरच नाही. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतही भरपूर लोह असतं, तरी त्यांना मॅग्नेट चिकटत नाही. मग लोखंड कधी चुंबक होतं आणि कधी नाही? हा प्रश्न ज्या शास्त्राचा आहे, त्याचं नाव ऐकूनच पार्टीतली माणसं दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात : क्वांटम मेनी-बॉडी फिजिक्स. थांबा, तुम्ही जाऊ नका!

चुंबक असूच शकत नाही

१९११ मध्ये नील्स बोरने डॉक्टरेटच्या प्रबंधात एक भन्नाट गोष्ट दाखवून दिली. काही वर्षांनी हेंड्रिका व्हान लेवेन या डच संशोधक बाईंनीही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं. न्यूटन-मॅक्सवेलच्या जुन्या नियमांनी प्रामाणिकपणे हिशोब केला, तर कुठल्याही पदार्थाचं चुंबकत्व बरोब्बर शून्य येतं. म्हणजे आपल्या फ्रिजवर ती गोव्याची मासोळी चिकटलेली असते, ती जुन्या फिजिक्सच्या हिशोबाने तिथे असायलाच नको.

उत्तर क्वांटममध्ये सापडलं. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलंसं चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. पण नुसतं तेवढ्याने भागत नाही. हे इवले चुंबक एकमेकांना चुंबकासारखे ओढून रांगेत उभे राहतात, असं वाटणं साहजिक आहे. तसं असतं तर ती रांग उणे २७२ अंशांच्या आसपासच मोडली असती, इतकी ही ओढ दुबळी आहे. लोखंड मात्र ७७० अंश सेल्सियसपर्यंत चुंबक राहतं. हा हजारपटीचा फरक १९२८ मध्ये हायझेनबर्गने सोडवला. एकाच दिशेचं स्पिन असलेल्या दोन इलेक्ट्रॉनना क्वांटमचा नियम एका जागी येऊ देत नाही, ते आपसूक लांब राहतात. आणि लांब राहिले की त्यांच्यातली विजेची भांडणं कमी होतात. थोडक्यात, शेजाऱ्याशी भांडण टाळायचं म्हणून सगळे एका दिशेला तोंड करून उभे! आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हे कधी जमणार देव जाणे.

मॅग्नेटाइटची गंमत तर आणखी वेगळी. त्यात लोहाच्या अणूंचे दोन गट असतात आणि ते विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. पण दोन्हींची ताकद सारखी नसते. वजाबाकी करून जे उरतं, ते माझ्या मॅग्नेटला चिकटलं होतं. फ्रान्सच्या लुई नेएलने हे १९४८ मध्ये मांडलं आणि १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं.

यातला ‘मेनी’ हा शब्द महत्त्वाचा. एकटा अणू चुंबकाची कायमची रांग धरू शकत नाही, हे कोट्यवधींचं काम. विरार फास्टने जाणाऱ्याला हे सांगायला नको. गर्दीच्या वेळी दारात उभं राहिलं की आपण उतरत नाही, आपल्याला उतरवलं जातं. एकेका प्रवाशाचा कितीही अभ्यास केला तरी अंधेरीला काय होणार ते कळत नाही. फिलिप अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ‘मोअर इज डिफरण्ट’ नावाचा लेख लिहिला, त्याचा फंडा हाच. घटक जास्त झाले की गोष्ट नुसती मोठी होत नाही, वेगळी होते.

दगडाची मेमरी

आता कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या टेकडीकडे बघा. हा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. तो निवत साधारण ५८० अंशांखाली आला, तशी त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी रांग धरली आणि त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला होतं ती दिशा पकडून ठेवली. हार्ड डिस्कमध्ये तरी वेगळं काय असतं? दख्खनच्या या ‘डिस्क’ १९५० च्या दशकात वाचल्या गेल्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे संशोधक त्यात होते आणि आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरचेही. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या खडकांवरचा पेपर १९५९ चा आहे. या खडकांनी सांगितलं की लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होता. आज १८ अंश उत्तरेला असलेल्या या किनाऱ्याचा दगड तेव्हा साधारण ३० अंश दक्षिणेला जन्मला. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या दगडावर आपण बदामात नावं कोरतो!

या चुंबकी दगडाने दर्यावर्दींना त्रासही दिला आहे. पोर्तुगीज कप्तान जुआंव द कास्त्रो १५३८ मध्ये गोव्याहून दीवला जाणाऱ्या आरमारात होता. वसईजवळ त्याच्या होकायंत्राची सुई विचित्र वागू लागली आणि हा खडकांचा प्रताप असावा, असं त्याने नोंदवून ठेवलं.

कुलाब्याहून कुलाब्याला

रेवदंड्याहून परतताना अलिबागला एक शांत, बसका परिसर लागतो. पर्यटक तिथे थांबत नाहीत. ही चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेल्या महावादळाने जगभरच्या तारयंत्रांची दाणादाण उडवली, तेव्हाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ काढून बघतात. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. जमिनीतून झिरपणाऱ्या त्यांच्या विजेने सुया नाचल्या असत्या. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली, इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना-नवा हिशोब जुळावा. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. गंमत म्हणजे अलिबागचा जिल्हाही तेव्हा कुलाबाच होता; त्याचं रायगड झालं १९८१ मध्ये.

मुंबईच्या कुलाब्यातून चुंबकाचे वेध उठले ते शहराच्या गोंगाटामुळे. त्याच कुलाब्यात नेव्ही नगरला १९६२ मध्ये टीआयएफआरच्या समुद्राकाठच्या इमारतीचं उद्‌घाटन झालं आणि तिथे शंभरेक वर्षांनी एका प्रयोगासाठी शहराचा तर सोडाच, खुद्द पृथ्वीचाही चुंबकी गोंगाट बंद करावा लागला.

हा प्रयोग होता बिस्मथवर. बिस्मथ हा गुलाबी झाक असलेला जड धातू, चुंबकापासून दूर पळणारा. शंभरेक वर्षं फिजिक्सवाल्यांचा लाडका. प्रश्न होता, अगदी थंड केलं तर तो सुपरकंडक्टर, म्हणजे अतिसंवाहक होतो का? अतिसंवाहकात वीज कणभरही अडत नाही. १९११ मध्ये कामरलिंग ओनेसला पाऱ्यात हे सापडलं आणि १९५७ मध्ये बार्डीन, कूपर, श्रीफर या तिघांनी कारण सांगितलं. धातूतल्या अणूंच्या कंपनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात आणि मग सगळ्या जोड्या मिळून एका तालात चालतात. पुन्हा तेच, कोट्यवधींचं काम. पण बिस्मथमध्ये कोट्यवधी आणायचे कुठून? तिथे जवळपास एक लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन! रिकाम्या डब्यात धक्काबुक्की कशी होणार? शिवाय तिघांच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉन चपळ आणि अणू सुस्त असावे लागतात, बिस्मथमध्ये ते गणितही बसत नाही. त्यामुळे शुद्ध बिस्मथ स्फटिकाकडून फारशी कुणाला आशा नव्हती.

टीआयएफआरचे ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. थमिझावेल आणि एस. रामकृष्णन यांनी तरी शोध घेतला. लागणारा फ्रिज दुकानात मिळत नाही. तो संस्थेतच उभा केला होता आणि तो चालतो मॅग्नेटवर! प्रचंड चुंबकी क्षेत्र लावून तांब्याच्या अणुकेंद्रांना रांगेत उभं करायचं, मग क्षेत्र हळूहळू उतरवायचं. रांग मोडताना ती केंद्रं आजूबाजूची उष्णता शोषून घेतात. असं करत करत स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ०.०००५३ अंशांवर आला आणि तिथे बिस्मथ अतिसंवाहक झाला. तारे नसलेलं पोकळ आकाशही याच्या पाचेक हजारपट उबदार असतं.

आणि तो अतिसंवाहक नाजूक किती? ५.२ मायक्रोटेस्लाचं चुंबकी क्षेत्र त्याला मोडायला पुरतं. मुंबईत पृथ्वीचंच क्षेत्र याच्या सात-आठपट आहे. म्हणून स्फटिकाला चुंबकी कवचात ठेवावं लागलं. जी होकायंत्राची सुई फिरवते, तेवढी ओढही त्या जोड्यांना सोसत नाही. चारही जणांचा पेपर डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ने ऑनलाइन आणि जानेवारी २०१७ मध्ये अंकात छापला.

ऑफिसमध्ये हे सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, ‘‘पण याचा उपयोग काय, बॉस?’’ मला हा प्रश्न आवडत नाही, पण तो खोटा नाही. संशोधनाला पैसा आपल्याच टॅक्समधून जातो. ओनेसच्या पाऱ्याचाही १९११ मध्ये काही उपयोग नव्हता. आज आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढतात, त्या यंत्रातलं चुंबक अतिसंवाहक तारेचं असतं. बिस्मथचं तसं होईलच, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ०.०००५३ अंशांवर कुठलंही यंत्र चालवणं परवडणार नाही. खरी गोष्ट उपयोगाची नाहीच. १९५७ पासून जे गणित साध्या धातूंवर छान चालत आलं, ते इथे अडलं आणि ते अडतं हे कुलाब्यात मोजून कळलं. एवढ्या थोड्या इलेक्ट्रॉनना कोण एकत्र आणतं, याची काही उत्तरं त्यानंतर मांडली गेली आहेत. सगळ्यांना पटेल असं त्यातलं एकही अजून नाही.