परिचारिकेच्या वेळेचा हिशेब

अर्थसंकल्पाची चर्चा सुरू झाली की सार्वजनिक आरोग्याविषयी आपल्या कानी पडणारे आकडे बहुधा इमारतींचे, खाटांचे आणि औषधखरेदीचे असतात. हे आकडे खोटे असतात असे नव्हे. परंतु मनोरुग्णांच्या बाबतीत ते अपुरे असतात, आणि या अपुरेपणाची किंमत ज्यांना आपले गाऱ्हाणेही मांडता येत नाही अशी माणसे मोजत असतात. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या मंजूर खाटा आजवर अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे एकूण ५६९५, अशा मोजल्या गेल्या आहेत. ही बेरीज कोणताही विद्यार्थी बरोबर करील. पण यांपैकी एका खाटेवरील माणसाच्या वाट्याला दिवसाकाठी परिचारिकेची किती मिनिटे येतात, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझा एक आतेभाऊ तरुणपणीच मनोविकाराने ग्रासला गेला. आत्याने त्याला चौदा वर्षे घरी सांभाळले. ती गेल्यावर आम्हा नातेवाइकांना त्याला एका शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे त्याने अन्न वर्ज्य केले. नोंदवहीत रोज ‘जेवण नाकारले’ असा शेरा पडू लागला. त्या कक्षातील एक परिचारिका मात्र दुपारी ताट वाढण्याच्या वेळी त्याच्याजवळ येऊन बसू लागली. तिने आग्रह केला नाही, दटावले नाही. ती नुसती पाहत राहिली. आठ-नऊ दिवसांनी तिच्या ध्यानात आले की, ताट पुढे येताच दादाची नजर नळाकडे जाते. तिने रिकामे ताट त्याच्या हाती दिले. त्याने ते नळाखाली स्वतः धुतले, पुढे केले, आणि तो जेवला. आत्या त्याला घरी हेच करू देत असे. दाखल करताना ते सांगावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

त्या दिवशी नोंदवहीत काय लिहिले गेले? ‘रुग्णाने जेवण घेतले.’ आठ-नऊ दिवसांचे निरीक्षण, संयम आणि कौशल्य या तीन शब्दांत विरून गेले. पुढे मनुष्यबळ कमी पडते म्हणून त्या परिचारिकेची दुसऱ्या कक्षात बदली झाली. नव्याने आलेल्या बाईंवर अख्खा कक्ष होता. एका रुग्णाच्या ताटाकडे पाहण्यास त्यांना उसंत नव्हती. दादाचे जेवण पुन्हा सुटले आणि त्याला सलाईन लावावे लागले. येथे मला कोणा व्यक्तीला दोष द्यावयाचा नाही. दोष आहे तो हिशेबाच्या पद्धतीचा.

वेळ हाच उपचार

अर्थशास्त्रात एक सिद्धांत शिकवला जातो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना तो मांडला. कारखान्यात नवे यंत्र आले की एका कामगाराच्या हातून दुप्पट माल निघतो. पण चार वादकांनी मिळून वाजवावयाची रचना यंत्रयुगातही तितक्याच वादकांना तितकाच वेळ घेते. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर, विलंबित ख्याल निम्म्या वेळात गाऊन गवयाची उत्पादकता दुप्पट झाली असे कोणी म्हणणार नाही. तो ख्यालच राहणार नाही. काही सेवांमध्ये मनुष्याचा वेळ हा वस्तू घडविण्याचा खर्च नसतो. तो वेळ हीच वस्तू असते. मनोरुग्णांची शुश्रूषा ही अशी सेवा होय. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संबंध हाच शुश्रूषेचा गाभा मानला होता. त्याच वर्षी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवर वापर सुरू झाला आणि उपचारांचे चित्र पालटले. औषधाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु गोळी घशाखाली उतरली की नाही, ती घेतल्यावर हात थरथरतात काय, काल बोलणारा माणूस आज गप्प का, गप्प असणाऱ्याच्या मनात जीव देण्याचा विचार तर घोळत नाही ना, हे गोळीला कळत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसाला कळते.

आता साधे गणित मांडू. समजा, एका पाळीत एका परिचारिकेकडे पन्नास रुग्ण आहेत. आठ तासांची मिनिटे ४८०. औषधवाटप, नोंदी, साठ्याचा हिशेब आणि डॉक्टरांची फेरी यांत तीन तास गेले, तर उरतात ३०० मिनिटे. म्हणजे माणशी सहा. एक रुग्ण अचानक प्रक्षुब्ध झाला की तीही आटतात. सहा मिनिटांत ताटापासून नळापर्यंतची नजर दिसणे केवळ अशक्य आहे.

श्रम वाचविण्याचे साधन

श्रम महाग किंवा दुर्मीळ झाले की त्यांची जागा दुसरे साधन घेते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. शेतात मजूर मिळेनासे झाले की यंत्र येते. मनोरुग्णांच्या कक्षात माणसे कमी पडली की काय येते? कुलूप येते, दोरी येते, गुंगी आणणारी जादा मात्रा येते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेने देश हादरला. क्रौर्य म्हणून साखळीचा धिक्कार झाला आणि तो योग्यच होता. पण साखळी हे श्रम वाचविण्याचे अतिशय स्वस्त साधन आहे, ही तिची दुसरी बाजू आपण पाहिली नाही.

कायदा करणाऱ्यांना मात्र ती दिसली असावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या ९५व्या कलमाने रुग्णास साखळीने बांधण्यास संपूर्ण बंदी केली. ९७व्या कलमाने एकांतकोठडी निषिद्ध ठरविली, शारीरिक बंधनावर कडक अटी घातल्या, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या सबबीवर असे बंधन घालता येणार नाही असे स्पष्ट शब्दांत नमूद केले. १९१२च्या कायद्यात ज्यांना ‘वेडे’ म्हणून कोंडण्याची तरतूद होती, त्यांना १९८७च्या कायद्याने रुग्ण मानले आणि २०१७च्या कायद्याने हक्क असलेले नागरिक मानले. ही प्रगती सामान्य नव्हे. परंतु कायद्याने श्रमांचा पर्याय बंद केला, आणि श्रमांसाठी पैसा मात्र त्या प्रमाणात आला नाही. केंद्राच्या आरोग्यविषयक तरतुदीत मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास घुटमळत राहिला आहे. पगारावरील खर्चाकडे तर आपण नेहमीच संशयाने पाहत आलो. २०१७-१८च्या अर्थसंकल्पापर्यंत खर्चाची योजनांतर्गत आणि योजनेतर अशी विभागणी होती. नवी इमारत ही ‘योजना’ आणि तीत काम करणाऱ्या परिचारिकेचा नियमित पगार हा बहुतांशी ‘योजनेतर’, म्हणजे काटकसरीचे पहिले लक्ष्य! ती विभागणी गेली. मनोवृत्ती गेलेली नाही.

ना वाट, ना वाचा

कोणी म्हणेल, सर्वच रुग्णालयांत परिचारिका कमी आहेत. मग मनोरुग्णांचीच एवढी काळजी का? याचे उत्तर अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या विवेचनात सापडते. एखाद्या संस्थेची सेवा घसरली तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : तिला सोडून जाणे, अथवा तक्रार करणे. मनोरुग्णालयातील निराधार स्त्रीला हे दोन्ही मार्ग बंद असतात. तिला दाराबाहेर जाता येत नाही, आणि तिने तक्रार केली तर ती आजाराचे लक्षण समजली जाते. रस्त्यावरून आणलेला अनामिक, ज्याचा पत्ता घरच्यांनी मुद्दाम चुकीचा दिला तो, बरी होऊनही माहेर-सासर दोन्हीकडे नकोशी झालेली ती, या सर्वांची अवस्था अशीच असते. अशा माणसांच्या वतीने बोलू शकणारी, दिवसरात्र त्यांच्याजवळ असणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. तिची पदे रिकामी ठेवणे म्हणजे रुग्णाची वाचाच काढून घेणे होय.

कुटुंबाने आपल्या माणसाची जबाबदारी घ्यावी, हा युक्तिवादही ऐकू येतो. तो अगदीच चुकीचा नाही. पण ‘कुटुंब’ या शब्दाआड बहुधा एखादी आई, बहीण किंवा पत्नी उभी असते. माझ्या आत्याच्या चौदा वर्षांच्या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही झालेली नाही. राज्यसंस्थेने हात आखडता घेतला म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो बिनपगारी बाईच्या अंगावर पडतो. दूरध्वनीवरून समुपदेशन देणारी ‘टेलि-मानस’ ही योजना ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, आणि पुष्कळांना तिचा उपयोग होतो. परंतु दूरध्वनीवरून ताट हाती देता येत नाही.

तेव्हा करावयाचे काय? उपरोक्त कायद्याच्या ३१व्या कलमात शासनावर एक जबाबदारी टाकलेली आहे : लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्यक्षेत्रातील व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न कायदा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत करावयाचा. कायदा २०१८मध्ये अंमलात आला. म्हणजे ही मुदत २०२८ साली पुरी होते. त्यापूर्वी निदान तीन गोष्टी मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. पहिली, प्रत्येक मनोरुग्णालयाने खाटांबरोबरच कक्षवार आणि पाळीवार परिचारिकांची संख्या जाहीर करावी. रात्रपाळीचा आकडा विशेषेकरून. दुसरी, मनोरुग्णशुश्रूषेचे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची सर्वसाधारण कक्षात मनमानी बदली होऊ नये, आणि झालीच तर तिने जे जाणले ते लेखी स्वरूपात पुढच्या हाती जावे. तिसरी, कंत्राटी नेमणुका आणि ‘सेवाभाव’ यांची जोड लावणे थांबावे. सेवा या शब्दाची आपण फार पूजा केली. त्या पूजेआड वेतन, विश्रांती आणि सुरक्षितता हे प्रश्न दडून राहिले. थकलेल्या परिचारिकेकडून करुणेची अपेक्षा करणे हा शुद्ध दांभिकपणा आहे.

दादा आज आमच्या घरी असतो. औषधे नियमित चालू आहेत. जेवणापूर्वी आपले ताट तो स्वतः धुऊन घेतो आणि घरात त्याविषयी कोणी काही बोलत नाही. ज्या बाईंमुळे आम्हाला ते कळले, त्यांचे नावही नोंदवहीत नव्हते. पुढच्या अर्थसंकल्पात मनोरुग्णालयांच्या किती खाटा वाढल्या हे सांगितले जाईल, तेव्हा त्या खाटांशेजारी बसावयाला माणसे किती नेमली, एवढे आपण विचारावे.