जांभूळ सरबत

जांभूळ सरबत : जांभळाच्या (सायझिजियम क्युमिनी, कुल–मिर्टेसी) पक्व फळांचा रस, साखर व सायट्रिक अम्ल यांच्या पाकात पाणी मिसळून तयार होणारे मद्यार्करहित पेय. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या जांभूळ हे मृदुफळ असून त्याच्या रसाळ गरात सामान्यतः एकच मोठी बी असते. फळाचा जांभळा रंग अँथोसायानीन या रंगद्रव्यांमुळे व तुरटपणा टॅनिनांमुळे येतो.

पालघर व बोईसर–तारापूर परिसरात मेअखेरीपासून जूनपर्यंत जांभळे बाजारात येतात. पालघर तालुक्यातील बहाडोली येथील टपोरी, भरपूर गराची जांभळे विशेष प्रसिद्ध असून ‘बहाडोली जांभूळ’ यास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण बहाडोली’ ही जातही याच गावाचे नाव धारण करते. जांभूळ झाडावरून उतरविल्यावर पिकत नाही, त्यामुळे ते पूर्ण पक्व झाल्यावरच काढावे लागते. फांद्या ठिसूळ असल्याने झाडाभोवती बांबूंची परांची बांधून फळे हाताने वेचतात; हे काम कष्टाचे व जोखमीचे असते. एवढे करूनही पातळ सालीचे हे फळ साध्या तापमानास दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाही. पावसाने भिजलेली फळे तर त्याहून लवकर खराब होतात. मोसमात हाती आलेले फळ वाया जाऊ न देणे हा सरबत करण्यामागील मुख्य हेतू होय.

कृती : निवडलेली फळे धुऊन निथळतात. १ किग्रॅ. फळांना सु. १०० मिलि. पाणी घालून ती हाताने कुस्करतात व मंद आचेवर सु. ७०° से. तापमानास दहा मिनिटे तापवितात. त्यामुळे सालीतील रंग रसात उतरतो. बिया फुटू देत नाहीत, कारण त्यांचा कडवट तुरटपणा रसात येतो. नंतर गर चाळणीवर घासून रस मलमलीच्या कापडातून गाळतात. भांडे पोलादी (स्टेनलेस स्टीलचे) किंवा काचेचे घेतात. लोखंडी भांड्यात टॅनिनांशी लोहाची विक्रिया होऊन रस काळवंडतो. १ किग्रॅ. रसात सु. १.६ किग्रॅ. साखर व १० ते १५ ग्रॅ. सायट्रिक अम्ल मिसळून ते विरघळेपर्यंत ढवळतात. हा पाक ८५° से.पर्यंत तापवून, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरतात व झाकणे घट्ट लावतात.

टिकाऊपणा : फळाच्या सालीवर यीस्ट निसर्गतःच असते. कच्चा रस उबदार जागी ठेवल्यास हे सूक्ष्मजीव त्यातील साखरेपासून एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतात. पुढे हवेच्या संपर्कात ॲसिटिक अम्ल बनविणाऱ्या सूक्ष्मजंतूंमुळे त्याचा शिरका होतो. सरबत मद्यार्करहित राहणे हे म्हणूनच केवळ घटकांवर नव्हे, तर कृतीच्या काटेकोरपणावर अवलंबून असते. वरील प्रमाणात पाकातील विद्राव्य घन पदार्थ सु. ६५ टक्के होतात व बहुतेक सूक्ष्मजीवांना वाढीसाठी आवश्यक पाणी उपलब्ध राहत नाही. साखर कमी केल्यास हे संरक्षण उणावते. मग परिरक्षक वापरावा लागतो. अशा वेळी सोडियम बेंझोएट घेतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटातील सल्फर डाय-ऑक्साइडामुळे रंग फिका पडतो. बाटलीत फेस, बुडबुडे वा आंबूस वास आढळल्यास पाक टाकून देणे इष्ट.

साखरेने रस टिकविण्याची रीत अन्यत्रही आहे. कोकणात कोकमाच्या सालींवर त्यांच्या सु. दुप्पट साखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवतात व अमृत कोकम करतात. कोरियात ‘मेसिल’ या आंबट फळात समभाग साखर घालून ‘चंग’ नावाचा पाक मुरवितात. तेथीलच ‘ओमिजा’ (शब्दशः पाच चवींचे फळ) ही लाल फळे थंड पाण्यात रात्रभर भिजवून पेय करतात. गरम पाण्याने त्यांचा कडवटपणा वाढतो. समभाग साखरेत द्रावण पुरेसे संपृक्त होत नसल्याने यीस्टची क्रिया पूर्णपणे थांबत नाही. कोकणच्या उष्ण व दमट हवेत ही रीत वापरल्यास पाक आंबण्याचा धोका अधिक असतो.

सेवन : एक भाग पाकात चार-पाच भाग थंड पाणी, चिमूटभर सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. पाणी मिसळताच साखरेचे संरक्षण संपते, म्हणून असे सरबत त्याच दिवशी संपवितात. जांभळाची बी मधुमेहावर उपयुक्त असल्याचा समज रूढ आहे. मात्र तो सरबतास लागू करणे चुकीचे ठरेल. पेलाभर सरबतासाठी लागणाऱ्या ४० मिलि. पाकातून सु. ३५ ग्रॅ. साखर पोटात जात असल्याने मधुमेही व्यक्तींनी ते टाळावे.