ज्युनिपर की मोरपंखी? ओळखताना होणारे घोटाळे

सोसायटीच्या फाटकाशी, बंगल्याच्या कुंपणाला, नाहीतर कचेरीच्या आवारात टोकदार शेंड्याचं एखादं सदाहरित झाड हमखास असतं. कुणी त्याला ख्रिसमस ट्री म्हणतं, कुणी मोरपंखी, कुणी सुरू. नर्सरीत विचारावं तर ‘ज्युनिपर’ असं ठोकून दिलं जातं. यातलं खरं कोणतं, हे झाड लांबून पाहून ठरत नाही. डहाळी हातात घ्यावी लागते, आणि मिळाला तर एखादा मणीही.

गैरसमज १ : मोरपंखी म्हणजेच ज्युनिपर.

वस्तुस्थिती : दोन्ही सायप्रसच्याच कुळातली, पण प्रजाती वेगळ्या. शाळकरी मुलं ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात ती डहाळी मोरपंखीची. ती चपटी असते आणि उभ्या धरलेल्या पंख्यासारखी वाढते. ज्युनिपरच्या खवलेदार पानांची डहाळी गोलसर असते. चिमटीत फिरवली तर सगळीकडून सारखीच लागते. शंकू पाहिले की उरलासुरला संशय फिटतो. मोरपंखीचे शंकू कोवळेपणी निळसर हिरवे असतात आणि त्यांच्या खवल्यांना आकडीसारखी वळलेली टोकं असतात; पिकल्यावर ते तपकिरी, लाकडासारखे कडक होऊन उकलतात. ज्युनिपरमध्ये शंकूचे खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा गोल मणी बनतो. तो उकलत नाही. लिनियसने १७५३ मध्ये मोरपंखीला थुजा प्रजातीत घातलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी तिला प्लॅटिक्लॅडस या वेगळ्या प्रजातीत हलवलं, नर्सरीत मात्र ‘थुजा’ हेच नाव टिकून राहिलं.

गैरसमज २ : सुरूही याच जातकुळीतला.

वस्तुस्थिती : कोकण किनाऱ्यावर लावलेला सुरू, म्हणजे कॅज्युअरिना, सूचिपर्णी नाहीच, तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या लांब हिरव्या ‘सुया’ ही पानं नसून सांधेदार बारीक फांद्या आहेत. एक सुई दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा, ती सांध्यावर सुटते. भिंगातून तो सांधा पाहिला तर इवल्या दातांचं एक कडं दिसतं. ते दात म्हणजे सुरूची खरी पानं.

गैरसमज ३ : एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं दिसली तर ते कलम केलेलं किंवा रोगट असतं.

वस्तुस्थिती : ज्युनिपरच्या अनेक जातींत हे अगदी स्वाभाविक आहे. कोवळ्या वयातली पानं सुईसारखी टोचणारी, तर प्रौढ पानं खवल्यांसारखी फांदीला चिकटलेली असतात. आपल्याकडच्या बागांत लावला जाणारा चिनी ज्युनिपर मोठा झाल्यावरही काही फांद्यांवर सुयाच ठेवतो. म्हणून एकच डहाळी पाहून निकाल देऊ नये. झाडाच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या डहाळ्या पाहाव्यात. सामान्य ज्युनिपर, म्हणजे ज्युनिपेरस कम्युनिस, याला मात्र जन्मभर सुयाच येतात. त्या तीन-तीनच्या झुबक्यात असतात आणि प्रत्येक सुईच्या आतल्या बाजूला एकच रुंद पांढरा पट्टा असतो. चिनी ज्युनिपरच्या सुईवर असे दोन पट्टे दिसतात.

गैरसमज ४ : सोनेरी, निळा, जमिनीवर पसरणारा, पिळदार, या सगळ्या वेगवेगळ्या जाती.

वस्तुस्थिती : रंग आणि आकार बहुतेकदा माणसाने निवडून टिकवलेल्या वाणाचे असतात. चिनी ज्युनिपरचेच उभे, पसरट, सोनेरी आणि पिळदार वाण मिळतात. उलट, जमिनीलगत पसरणारे ज्युनिपर निरनिराळ्या जातींत सापडतात. त्यामुळे आकारावरून जात ठरवायला गेलं की फसगत होते.

गैरसमज ५ : निळे मणी ही फळं आहेत आणि ती खायला चालतात.

वस्तुस्थिती : सूचिपर्णी झाडांना खरं फळ धरत नाही, मणी म्हणजे मांसल शंकूच. जिनला चव देणारे मणी मुख्यतः सामान्य ज्युनिपरचे असतात आणि ते पिकायला दोन-तीन वर्षं घेतात. आयुर्वेदातली हपुषाही साधारणपणे याच जातीची मानली जाते. पण ज्युनिपेरस सॅबिना ही जात विषारी आहे आणि तिचे संकर बागांत सर्रास लावले जातात. तेव्हा कुंपणावरचा मणी तोंडात टाकू नये. झाडाला मणी येतच नसतील तरी काळजीचं कारण नाही: बहुतेक जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि नराला नुसते परागाचे बारीक शंकू येतात.

गैरसमज ६ : ज्युनिपर परदेशी; भारतात तो रानात उगवत नाही.

वस्तुस्थिती : हिमालयात ज्युनिपरच्या अनेक जाती नैसर्गिकरीत्या वाढतात. वृक्षरेषेच्या वर त्यांची बुटकी झुडपं दिसतात, तर लाहौल आणि लडाखच्या कोरड्या खोऱ्यांत त्यांचे वृक्ष होतात. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याची पानं धुपासाठी जाळतात. महाराष्ट्राच्या रानात मात्र तो आपोआप उगवत नाही. इथला प्रत्येक ज्युनिपर कुणीतरी आणून लावलेला आहे, म्हणूनच जंगलातल्या झाडांसाठी लिहिलेल्या ओळखपुस्तिका इथे अपुऱ्या पडतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी सांधा शोधून सुरू बाजूला काढावा, मग डहाळीचा चपटेपणा पाहून मोरपंखी, आणि शेवटी सुईवरचे पट्टे व मणी तपासावेत. एवढं करूनही जात ठरली नाही तर पाटीवर फक्त ‘ज्युनिपर’ लिहावं. बागेतले कित्येक वाण संकरित असल्यामुळे, ओढूनताणून एका जातीचं नाव देण्यापेक्षा ती पाटी अधिक खरी ठरते.