उंदीर, माणूस आणि लस

पावसाळ्यात वर्सोव्याच्या सखल गल्ल्यांत पाणी साचते. मासळी विकणाऱ्या भगिनी, सफाई कामगार, शाळेतून परतणारी मुले, सारे त्याच पाण्यातून वाट काढतात. उंदीर, कुत्री आणि गुरे यांचे मूत्र त्यात मिसळलेले असू शकते आणि त्यातील जिवाणू पायावरच्या एखाद्या लहान जखमेवाटेही शरीरात शिरतो. हाच लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाने मुंबईत थैमान घातले. "यावर आमच्या मुलांसाठी लस का नाही?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी आपल्याच शहराच्या इतिहासाकडे वळावे लागते. कारण उंदरांमार्फत पसरणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूजन्य रोगावरील लस मुंबईतच जन्मली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून प्लेगचे जिवाणू वाढविले आणि नंतर उष्णतेने मारले. मेलेला जिवाणू रोग देत नाही, मात्र शरीराला शत्रूची ओळख करून देतो. हेच त्या लसीचे तत्त्व. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. प्रयोगशाळेत लस सिद्ध होणे आणि ती गोरगरिबांच्या दारी पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे या दोन तारखा आपल्याला सांगतात. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

मग तीच युक्ती लेप्टोस्पायरोसिसला का लागू पडत नाही? प्लेगचा जिवाणू जगभर जवळजवळ एकाच साच्याचा आहे. लेप्टोस्पायराचे मात्र अडीचशेहून अधिक प्रकार आहेत. मारलेल्या जिवाणूची लस ज्या प्रकारापासून बनविली, मुख्यतः त्याच प्रकारापासून संरक्षण देते, आणि तेही फार काळ टिकत नाही. कुत्र्यांसाठी व गुरांसाठी अशा लसी आहेत. चीन, क्यूबा यांसारख्या मोजक्या देशांत माणसांनाही त्या दिल्या गेल्या. आपल्याकडे त्या सर्रास वापरात नाहीत. सर्व प्रकारांत समान असणारी प्रथिने हेरून एकच लस बनविण्याचे संशोधन चालू आहे.

ती लस हाती येईपर्यंत आपल्या घराची आणि वसतिगृहाची राखण आपणच करावयाची आहे. कचरा उघडा ठेवू नये, म्हणजे उंदरांना अन्न मिळणार नाही. पाळीव कुत्र्यास दरवर्षी लस द्यावी. जखम झाकल्याशिवाय व गमबूट घातल्याशिवाय साचलेल्या पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले तर पाय साबणाने धुऊन ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रतिबंधक गोळी त्यांनीच ठरवावयाची. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांची लाली दिसताच घरगुती उपायांत वेळ दवडू नये. वेळीच दिलेल्या साध्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो. उशीर झाल्यास यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जाऊ शकतो.