गोंबेसाची ओळखपरेड

२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात ‘नेरीन’ हा ट्रॉलर लागला होता. तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर खरं तर खलाशांना नाताळच्या शुभेच्छा द्यायला आल्या होत्या. मासळीच्या ढिगातून एक निळा पर डोकावत होता. वरची मासळी बाजूला सारली, तर खाली दीड मीटर लांबीचा मासा. चिलखतासारखे टणक खवले, आणि पर मुळाशी मांसल, आखूड हातापायांसारखे.

सत्तावन्न किलोंचं ते वास मारणारं धूड गाडीत घ्यायला टॅक्सीवाला कुरकुरला. शवागार आणि शीतगृह या दोघांनीही हात वर केले. डिसेंबर म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा! फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळूनही मासा सडू लागला, तेव्हा त्यात भुसा भरून घ्यावा लागला. मार्जरीबाईंनी काढलेलं चित्र पाहून रसायनशास्त्राचे अध्यापक आणि माशांचे अभ्यासक जे. एल. बी. स्मिथ यांनी सांगाडा आणि कल्ले जपण्याची तार केली खरी, पण तोवर आतलं सगळं फेकून झालं होतं.

स्मिथ हादरले, कारण हा सीलाकँथ होता. या कुळातले सर्वांत अलीकडचे जीवाश्मही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मार्जरीबाईंच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवलं ‘लॅटिमेरिया’.

दुसरा नमुना हाती यायला १४ वर्षं लागली. स्मिथांनी शंभर पौंडांच्या बक्षिसाची पत्रकं वाटली होती. १९५२ मध्ये मासा मिळाला तो कोमोरोस बेटांवर आणि तिथे त्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. कोळी त्याला ‘गोंबेसा’ म्हणत. गळाला अधूनमधून लागायचा, पण मांस तेलकट, खाल्लं तर पोट बिघडणार. खवले मात्र कामाचे. सायकलचं पंक्चर काढताना ट्यूब खरवडायला त्यांचा उपयोग होई. ‘हरवलेला’ मासा हरवला होता तो फक्त शास्त्राच्या वहीतून.

इंडोनेशियातही तेच. १९९७ मध्ये मनाडोच्या बाजारात मधुचंद्राला आलेल्या मार्क अर्डमन आणि त्यांच्या पत्नीला हातगाडीवर सीलाकँथ दिसला. त्यांनी फोटो काढला, मासा मात्र विकला गेला. तिथले कोळी त्याला ‘राजा लाउत’, म्हणजे समुद्राचा राजा म्हणतात. ती वेगळीच जात निघाली.

‘जिवंत जीवाश्म’ हा डार्विनचा शब्द कानाला छान वाटतो, पण फसवा आहे. पुरातन सीलाकँथ आणि आजचा लॅटिमेरिया एकच नव्हेत. मधल्या काळात बदल झालेच. १९८७ मध्ये हान्स फ्रिके यांनी पाणबुडीतून त्याचं चित्रण केलं, तेव्हा तो तळावर चालतो ही समजूतही गेली. पर मात्र तो आलटूनपालटून हलवतो, चौपायांच्या दुडक्या चालीसारखे.

हा मासा अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देतो. खवल्यांवरची वर्तुळं मोजून २०२१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी त्याचं आयुष्य शंभर वर्षांच्या आसपास आणि गर्भारपण सुमारे पाच वर्षांचं असल्याचा अंदाज मांडला. मादागास्करच्या किनाऱ्यावर शार्कसाठी खोल पाण्यात सोडलेल्या जाळ्यांत आता तोही अडकतो आहे.